फोर-के, हर्ट्झ आणि दिवाणखान्यातले अंतर

दिवाळीच्या खरेदीचे दिवस जवळ आले की टीव्हीविषयीची पत्रे वाढतात. या वेळी सोलापूर शहरातून आलेल्या पत्रांमधला सूर बहुतेक एकच आहे. दुकानात पाहिलेले चित्र आणि घरी दिसणारे चित्र यांत एवढा फरक का पडतो, आणि खोक्यावर छापलेल्या आकड्यांपैकी कोणत्या आकड्यासाठी पैसे मोजावेत, असे वाचक विचारतात. निवडक प्रश्न आणि त्यांची उत्तरे पुढे दिली आहेत.

प्रश्न : आमच्या हॉलमध्ये सोफा आणि टीव्हीची भिंत यांत साधारण ८ फुटांचे अंतर आहे. नवी पेठेतील एका दुकानात ४३ इंची फुल एचडी आणि ४३ इंची फोर-के असे दोन टीव्ही शेजारीशेजारी लावले होते आणि फोर-केचे चित्र फारच सुरेख दिसत होते. मुलगा म्हणतो फोर-केच घ्या; यजमान म्हणतात, जास्तीचे पैसे कशाला घालवायचे? आमच्याकडे मराठी मालिका, बातम्या आणि रविवारी एखादा चित्रपट एवढेच पाहिले जाते. आम्ही काय करावे?
— एक वाचक भगिनी, जुळे सोलापूर

उत्तर : आपल्या पत्रातली सर्वांत मोलाची माहिती म्हणजे ते ८ फुटांचे अंतर, खरेदीला निघताना ते मोजून नेणारी माणसे फार थोडी असतात. टीव्हीचे चित्र पिक्सेल नावाच्या बारीक ठिपक्यांनी बनलेले असते आणि पडद्यावर आडवे किती व उभे किती ठिपके आहेत, यालाच रिझोल्यूशन म्हणतात. फुल एचडीमध्ये १९२० गुणिले १०८०, म्हणजे २०,७३,६०० ठिपके असतात. घरगुती टीव्हीच्या फोर-केमध्ये ३८४० गुणिले २१६०, म्हणजे ८२,९४,४०० ठिपके असतात. ही संख्या बरोबर चौपट आहे. मात्र ठिपके चौपट झाले म्हणून चित्र चौपट स्पष्ट दिसेल असे नाही, कारण ते पाहणाऱ्या डोळ्यालाही मर्यादा आहे.

निरोगी दृष्टीचा माणूस साधारणपणे एका अंशाच्या साठाव्या भागाइतके बारीक अंतर ओळखू शकतो. डोळ्यांच्या डॉक्टरांकडच्या तक्त्यावरील ६/६ ही नजर याच मापावर ठरलेली आहे. ४३ इंची टीव्हीची रुंदी सुमारे ९५ सेंटिमीटर असते, त्यामुळे फुल एचडीचा एक ठिपका साधारण अर्ध्या मिलिमीटरचा होतो. हा ठिपका साडेपाच-पावणेसहा फुटांच्या पलीकडून शेजारच्या ठिपक्यात मिसळून जातो. आपण बसता ८ फुटांवर. म्हणजे ४३ इंची पडद्यावर फुल एचडी आणि फोर-के यांतला केवळ ठिपक्यांचा फरक आपल्या सोफ्यावरून जवळजवळ दिसणारच नाही. याच हिशेबाने ५५ इंची फुल एचडीचे ठिपके सुमारे ७ फुटांपलीकडे आणि ६५ इंचीचे साडेआठ फुटांच्या आसपास मिसळू लागतात. काहींची नजर यापेक्षा तीक्ष्ण असते, म्हणून या आकड्यांत फूटभर इकडेतिकडे धरावे.

मग दुकानात एवढा फरक कसा दिसला? एक तर आपण तिथे दोन-तीन फुटांवर उभ्या असाल. दुसरे, दुकानात लावलेली दृश्ये खास त्या पडद्यासाठीच चित्रित केलेली असतात आणि टीव्हीचा उजेड दुकानासाठी असलेल्या ‘स्टोअर’ किंवा ‘व्हिव्हिड’ मोडवर चढवून ठेवलेला असतो. पुढच्या वेळी विक्रेत्याला ती दृश्ये थांबवून आपण घरी पाहता तीच मराठी वाहिनी लावायला सांगा, आणि आठ फूट अंतरावरून पाहा. हे सांगताना अजिबात संकोच करू नये. चांगला दुकानदार लगेच लावून दाखवतो.

आमचे मत विचाराल तर ४३ इंचीच घ्यायचा असेल आणि पाहणे मुख्यतः केबलवरचे असेल, तर केवळ फोर-के या शब्दासाठी मोठी रक्कम मोजू नये. त्याच पैशात ५० किंवा ५५ इंची पडदा मिळत असेल तर तो फरक ८ फुटांवरून रोज दिसेल. मोठ्या आकारांत आता बहुतेक पडदे फोर-केच असतात, त्यामुळे तिथे निवडीचा प्रश्नच उरत नाही. एट-केचा विचार मात्र आपल्या हॉलपुरता सोडून द्यावा. ३ कोटी ३१ लाखांहून अधिक ठिपके वेगळे पाहायला आपल्याला टीव्हीला जवळजवळ नाक लावून बसावे लागेल.

प्रश्न : मोठ्या हौसेने ५५ इंची फोर-के टीव्ही घेतला, पण त्यावर केबलच्या वाहिन्या जुन्या, जाड टीव्हीपेक्षाही वाईट दिसतात. चेहरे पुसट दिसतात आणि बातम्यांच्या पट्टीतील अक्षरांभोवती धूळ उडाल्यासारखी दिसते. टीव्ही सदोष आहे का?
— एक वाचक, साखर पेठ

उत्तर : टीव्ही बहुधा ठणठणीत असावा. आपण त्याला जे खाद्य देत आहात ते तोकडे पडते आहे. आपल्याकडे वर्षानुवर्षे चाललेल्या साध्या, म्हणजे एसडी प्रसारणात चित्राच्या ५७६ ओळी आणि प्रत्येक ओळीत फार तर ७२० ठिपके असतात. गुणाकार केला तर ४,१४,७२० येतात. आपल्या फोर-के पडद्याच्या ठिपक्यांना या संख्येने भागले तर उत्तर नेमके २० येते. म्हणजे पडद्यावरच्या दर वीस ठिपक्यांमागे एकाचीच माहिती बाहेरून येते आणि उरलेले एकोणीस टीव्हीला अंदाजाने भरावे लागतात. या अंदाजाने भरण्यालाच अपस्केलिंग म्हणतात.

आपल्या पेठेत हे समजावून सांगणे सोपे आहे. सोलापुरी चादरीची नक्षी जेकार्ड मागावर चढवण्याआधी चौकटींच्या कागदावर रंगवतात. शंभर चौकटींत बसवलेला मोर चारशे चौकटींत मोठा करायचा झाला, तर मधल्या चौकटींत पिसाऱ्याची रेघ नेमकी कुठून वळवायची, हे नक्षीकाराला स्वतःच्या नजरेने ठरवावे लागते. टीव्हीतला प्रोसेसर तेच काम सेकंदाला पन्नास वेळा करतो, आणि स्वस्त टीव्हीतला प्रोसेसर ते उरकून टाकतो. एकाच आकाराच्या दोन फोर-के टीव्हींच्या किमतीत फरक असतो तो बऱ्याच अंशी इथला आणि पाठीमागच्या प्रकाशयोजनेतला असतो. खोक्यावरचा फोर-के हा शब्द मात्र दोन्हींवर सारखाच छापलेला असतो.

जुन्या पिक्चर ट्यूबच्या टीव्हीला हा अंदाज करावाच लागत नसे. त्याच्या ओळी प्रसारणाच्या ओळींशी जुळणाऱ्या होत्या, पडदा २१ इंचांच्या आसपासचा होता आणि ट्यूबचा मऊपणा उणिवा झाकत असे. अक्षरांभोवती आपल्याला दिसणारी धूळ ही प्रसारण आकुंचित करताना, म्हणजे कॉम्प्रेशनमध्ये उरलेली घाण आहे. मोठा पडदा ती मोठी करून दाखवतो.

यावर काही उपाय घरीच करता येतील. आधी टीव्हीच्या मागे पाहा. सेट-टॉप बॉक्स अजून लाल-पिवळ्या-पांढऱ्या पिनांच्या केबलने जोडलेला असेल, तर तो पिवळ्या पिनेतून एसडीपेक्षा चांगले चित्र देऊच शकत नाही, मग आपण एचडी वाहिन्यांचे पैसे भरत असलात तरीही. आम्हाला येणाऱ्या तक्रारींत ही पिवळी पिन फार वेळा सापडते. तिथे एचडीएमआय केबल लावा आणि बॉक्सच्या सेटिंगमध्ये आउटपुट १०८० करून घ्या. त्यानंतर टीव्हीच्या पिक्चर सेटिंगमधील ‘शार्पनेस’ बराच खाली आणा. शार्पनेस वाढवल्याने नवीन तपशील येत नाही, फक्त कडा गडद होतात आणि कॉम्प्रेशनची घाण अधिक उठून दिसते. शेवटी, ज्या दोन-तीन वाहिन्या घरात रोज लागतात तेवढ्याच एचडीमध्ये घ्या. एचडीतून फुल एचडी आकाराचे चित्र येते आणि ते फोर-केवर चढवताना एका ठिपक्याचे चारच करायचे असतात. वीस आणि चार यांतला फरक पहिल्याच संध्याकाळी जाणवेल.

प्रश्न : मला क्रिकेटचे वेड आहे. विक्रेता म्हणतो, ६० हर्ट्झचा टीव्ही घेतलात तर चेंडू दिसणारच नाही, १२० हर्ट्झचाच घ्या. दुसऱ्या दुकानात एका टीव्हीवर ‘मोशन २००’ असे स्टिकर होते आणि तो १२० वाल्यापेक्षा स्वस्त होता! २०० हे १२० पेक्षा जास्त नाही का? आणि सामना मोबाइलवर सरळ चालतो, पण टीव्हीला लावलेल्या, इंटरनेटवरून चित्र आणणाऱ्या स्टिकवर कॅमेरा फिरला की झटके का बसतात?
— एक क्रिकेटप्रेमी, पार्क चौक परिसर

उत्तर : आपल्या पत्रात तीन वेगवेगळे प्रश्न आहेत आणि तिन्ही महत्त्वाचे असल्याने सविस्तर उत्तर देतो.

पडदा एका सेकंदात जितक्या वेळा चित्र नव्याने रंगवतो, तो त्याचा रिफ्रेश रेट. ६० हर्ट्झ म्हणजे सेकंदाला साठ वेळा. मात्र समोरून सेकंदाला किती वेगवेगळी चित्रे येत आहेत, म्हणजे फ्रेम रेट किती आहे, ही स्वतंत्र गोष्ट आहे, आणि विक्रेते या दोहोंची सरमिसळ करतात. आपल्या देशात वीज ५० हर्ट्झची आहे आणि दूरचित्रवाणीची मूळ पद्धतही त्याच आकड्यावर बेतलेली होती, त्यामुळे आजही आपल्या वाहिन्यांवरील क्रिकेट सेकंदाला ५० चित्रांच्या तालावर येते. चित्रपट सेकंदाला २४ फ्रेमने चित्रित होतात. (याच कारणाने जुन्या पद्धतीच्या प्रसारणात २४ फ्रेमचा चित्रपट २५च्या गतीने चालवत असत, आणि १५० मिनिटांचा चित्रपट, जाहिराती वगळल्या तर, १४४ मिनिटांत संपत असे.) म्हणजे १२० हर्ट्झच्या पडद्यालाही क्रिकेटच्या सामन्याची ५०च चित्रे मिळतात; बाकीची तो बाहेरून कुठून आणणार?

आता चेंडूचे पाहू. ५५ इंची टीव्हीचा पडदा सुमारे १२२ सेंटिमीटर रुंद असतो. एखादा फटका पडद्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एका सेकंदात गेला, तर सेकंदाला ५० चित्रांच्या हिशेबाने चेंडू दर चित्राला जवळजवळ अडीच सेंटिमीटर पुढे उडी मारतो. प्रत्येक चित्र पडद्यावर सेकंदाचा पन्नासावा भाग निश्चल उभे असते. आपला डोळा मात्र चेंडूमागे सलग सरकत राहतो. त्या विसंगतीमुळे चेंडू तेवढ्या रुंदीचा फासल्यासारखा दिसतो. हा दोष ६० हर्ट्झच्या टीव्हीपुरता नाही. ती चित्र धरून ठेवण्याच्या पद्धतीचीच मर्यादा आहे. १२० हर्ट्झचा पडदा यावर दोन उपाय करू शकतो. एक तर दोन चित्रांच्या मधले चित्र स्वतः कल्पून घालणे, किंवा दोन चित्रांच्या मध्ये क्षणभर काळोख करणे. काळोखाच्या उपायाने फासणे खरोखर कमी होते, पण चित्राचा उजेडही कमी होतो. म्हणून १२० हर्ट्झने क्रिकेट थोडे स्वच्छ दिसते हे खरे, पण ६० हर्ट्झवर चेंडू दिसतच नाही हे म्हणणे साफ चुकीचे आहे. मागून दिव्याचा उजेड पडणाऱ्या एलसीडी पडद्यावर ठिपक्याला रंग बदलायला लागणारा वेळही फासण्यात भर घालतो. ज्यात प्रत्येक ठिपका स्वतःच उजळतो त्या ओएलईडी पडद्यावर हा बदल जवळजवळ तत्काळ होतो.

‘मोशन २००’ हा पडद्याचा वेग नव्हे. प्रत्येक कंपनी चित्र कल्पून घालणे, मागचा दिवा लुकलुकवणे असे सगळे उपाय एकत्र धरून स्वतःचा एक गुणांक काढते आणि तो मोठ्या अक्षरांत छापते. अशा गुणांकाच्या मागे पुष्कळदा साधा ६० हर्ट्झचा पडदा असतो. विक्रेत्याला ‘पॅनेलचा नेटिव्ह रिफ्रेश रेट किती?’ एवढेच विचारा, आणि तो सांगेल ते कंपनीच्या संकेतस्थळावर मॉडेल क्रमांक टाकून पडताळून पाहा. स्टिकरवर आकडा असेल पण त्यापुढे हर्ट्झ लिहिलेले नसेल, तर तेवढ्यावरूनच सावध व्हावे.

झटक्यांचे कारण फार साधे आहे आणि त्यासाठी नवीन टीव्ही घेण्याची मुळीच गरज नाही. आपली स्टिक बहुधा सतत ६० हर्ट्झवर चित्र पाठवते आहे आणि सामना आहे ५०चा. साठ जागांत पन्नास चित्रे बसवायची म्हणजे दर पाचवे चित्र दोनदा दाखवावे लागते. सेकंदाला असे दहा अडखळे बसतात; खेळाडू उभा असताना ते कळत नाहीत, पण कॅमेरा चेंडूमागे सीमारेषेकडे वळला की लगेच जाणवतात. स्टिकच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये ‘मॅच फ्रेम रेट’ किंवा त्या अर्थाचा पर्याय शोधून तो सुरू करा. ॲप त्याला साथ देत नसेल तर सामना सुरू होण्यापूर्वी आउटपुट हाताने ५० हर्ट्झवर न्या. टीव्ही ५०चा संकेत आला की सहसा आपोआप त्या तालावर चालतो. सामना संपल्यावर चित्रपट पाहायचा असेल तर २४ चा पर्याय निवडा. ६० ला २४ ने पूर्ण भाग जात नाही, म्हणून तिथे एक फ्रेम दोनदा आणि पुढची तीनदा दाखवली जाते आणि संथ दृश्यांत हेलकावा येतो. १२० ला २४ ने पाचदा नेमका भाग जातो. आमच्या मते १२० हर्ट्झच्या पडद्याचा चित्रपटप्रेमींना होणारा हा फायदा क्रिकेटच्या फायद्यापेक्षा अधिक निखळ आहे, आणि दुकानात त्याबद्दल कोणी बोलत नाही.

प्रश्न : नव्या टीव्हीवर जुने मराठी चित्रपट एखाद्या मालिकेसारखे दिसतात. पात्रे नको तितकी सुळसुळीत हलतात.
— एक ज्येष्ठ वाचक, सात रस्ता

उत्तर : वर सांगितलेले, मधली चित्रे कल्पून घालण्याचे काम आपल्या टीव्हीवर कारखान्यातूनच चालू ठेवलेले आहे. २४ फ्रेमच्या चित्रपटाला त्यामुळे स्टुडिओतल्या व्हिडिओसारखा गुळगुळीतपणा येतो. दिग्दर्शकाने आणि छायालेखकाने ठरवलेली चित्राची चाल त्यात हरवते, आणि आम्हाला हे मनापासून खटकते. सोनीच्या टीव्हीत ‘मोशनफ्लो’ आणि एलजीच्या टीव्हीत ‘ट्रूमोशन’ या नावाने हा पर्याय आहे, इतरांत ‘मोशन’ किंवा ‘क्लॅरिटी’ असा शब्द असलेल्या नावाखाली सापडतो. तो बंद करा. काही टीव्हींवर ‘फिल्ममेकर मोड’ असतो. तो निवडला की हे सगळे एका झटक्यात बंद होते.

प्रश्न : आमच्या शाळेत ३२ इंची टीव्हीला लॅपटॉप जोडून धडे दाखवतो. खोक्यावर ‘१०८० सपोर्ट’ लिहिलेले आहे, तरी अक्षरे फुटतात आणि पडद्याच्या कडा कापल्या जातात. खालच्या पट्टीतले घड्याळही अर्धे दिसते.
— एक शिक्षिका, अक्कलकोट रस्ता

उत्तर : आपला टीव्ही १०८० ओळींचा संकेत स्वीकारतो, एवढाच त्या ‘सपोर्ट’चा अर्थ. पडदा स्वतः एचडी रेडी, म्हणजे बहुधा १३६६ गुणिले ७६८ ठिपक्यांचा असणार. १०८० ओळी ७६८ ओळींत कोंबताना चित्रातल्या चेहऱ्यांचे फारसे बिघडत नाही, पण ‘ष’ आणि ‘प’ यांतली तिरपी रेघ किंवा अनुस्वाराचा टिंब यांसारख्या एका ठिपक्याच्या जाडीच्या गोष्टी हमखास पुसल्या जातात. मागच्या बाकांवरील मुलांना त्याचा फार त्रास होतो. लॅपटॉपच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये १३६६ गुणिले ७६८ मिळते का पाहा, नाहीतर १२८० गुणिले ७२० ठेवा, आणि अक्षरांचा आकार वाढवा.

कडा कापल्या जातात याला ओव्हरस्कॅन म्हणतात. जुन्या प्रसारणात चित्राच्या कडेला गोंधळ असे, तो लपवण्यासाठी टीव्ही चित्र किंचित मोठे करून कडा बाहेर ढकलत असत, आणि ती सवय नव्या टीव्हींतही उरली आहे. रिमोटवर ‘ॲस्पेक्ट’ किंवा ‘पिक्चर साइझ’मध्ये जाऊन ‘जस्ट स्कॅन’, ‘स्क्रीन फिट’ किंवा ‘१:१’ यांपैकी जे नाव असेल ते निवडा. घड्याळ पूर्ण दिसू लागेल आणि चित्र ताणण्याचे थांबल्याने अक्षरेही थोडी सावरतील. शाळा नवीन टीव्ही घेणार असेल तर वर्गासाठी निदान फुल एचडीच घ्यावा, हे आम्ही आग्रहाने सांगू. मालिकेत थोडा पुसटपणा चालून जातो, फळ्यावरच्या अक्षरांत चालत नाही.

प्रश्न : मी अभियांत्रिकीचा विद्यार्थी असून खेळांसाठी कन्सोल घेतला आहे. फोर-के १२० हवे असेल तर टीव्हीत काय पाहावे?
— एक वाचक, विजापूर रस्ता

उत्तर : आपल्यासाठी १२० हर्ट्झ खरोखर उपयोगाचे आहे, कारण कन्सोल सेकंदाला १२० वेगळी चित्रे स्वतः तयार करून पाठवू शकतो. त्यासाठी एचडीएमआय २.१ चे पोर्ट लागते. त्याची क्षमता सेकंदाला ४८ गिगाबिटपर्यंत असते. २.० ची क्षमता १८ गिगाबिट असून ती फोर-के ६० पर्यंतच पुरते. बऱ्याच टीव्हींत चारपैकी एक-दोनच पोर्ट २.१ चे असतात, म्हणून पोर्टशेजारी ‘४के १२०’ असे छापले आहे का ते वाचून मगच केबल लावा. आणखी एका गोष्टीकडे लक्ष ठेवा : काही स्वस्त टीव्ही मुळात ६० हर्ट्झचे असतात आणि १२० दाखवताना चित्राच्या ओळी निम्म्या करतात. तसे असल्यास माहितीपत्रकात कुठेतरी ‘डीएलजी’ ही अक्षरे सापडतात. फ्रेम रेट खाली-वर झाला तरी पडदा त्याच्या तालावर चालावा यासाठी व्हीआरआर आहे का, तेही पाहा. टीव्ही ‘गेम मोड’मध्ये ठेवायला विसरू नका, बाकीच्या मोडमध्ये टीव्ही चित्र सुधारण्यात वेळ घालवतो आणि बटण दाबल्यावर पडद्यावर हालचाल उशिरा दिसते.

प्रश्न : ६० हर्ट्झच्या टीव्हीने मुलांचे डोळे लवकर थकतात, असे ऐकले. हे खरे आहे का?
— एक पालक, होटगी रस्ता

उत्तर : ही समजूत पिक्चर ट्यूबच्या काळातली आहे. ट्यूबवर दर चित्र क्षणभर उजळून विझत असे, त्यामुळे ५० हर्ट्झची लुकलुक डोळ्याच्या कोपऱ्याला जाणवायची. एलसीडी पडद्यावर पुढचे चित्र येईपर्यंत आधीचे जागेवर टिकून राहते, म्हणून ६० हर्ट्झ झाले तरी ती लुकलुक नसते. मात्र काही टीव्हींत मागचा प्रकाश कमी करण्यासाठी दिवा वेगाने चालू-बंद करतात, आणि अशा प्रकाशाचा काही जणांना त्रास होतो. मोबाइलचा कॅमेरा स्लो मोशनवर ठेवून पडद्याकडे धरला की काळे पट्टे सरकताना दिसतात का, हे पाहून याचा अंदाज येतो. पट्टे दिसल्यास पडद्याचा उजेड वाढवा आणि खोलीतला दिवा चालू ठेवा, कारण टीव्हीच्या हर्ट्झच्या आकड्यापेक्षा अंधाऱ्या खोलीतला लखलखीत पडदा डोळ्यांना अधिक शिणवतो.